ट्रेलरच्या फळीचा हिवाळा

७ सप्टेंबर १९८६, रविवार

लेकीने, मंजिरीने, वाढदिवसाला ही डायरी दिली तेव्हा मी म्हटलं होतं, मी काय लिहिणार डोंबल? स्कॉटलंडच्या डोंगरातल्या ह्या आमच्या ग्लेन फाराच्या खोऱ्यात मेंढ्या आणि पाऊस, संपलं. पण आज लिहायलाच हवं. आज आमच्या दारात एक धूड आलं.

ह्यांनी स्नोमोबील घेतली, बर्फावरून पळणारी गाडी. जुनी, एका स्की सेंटरने काढून टाकलेली. पुढे दोन लोखंडी पट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसला पट्टा, वर मोटरसायकलची सीट. चौपन्न वर्षांचा माणूस, गावचा डॉक्टर, आता ह्या घोड्यावर बसून पेशंट बघायला जाणार! मी म्हटलं, "अहो, मुंडावळ्या आणू का?" एरवी हसले असते. आज नुसतं माझ्याकडे बघितलं.

कारण मला ठाऊक आहे, म्हणून मग जास्त बोलले नाही. गेल्या फेब्रुवारीत पुलापलीकडचा रस्ता बर्फाने बंद झाला आणि वरच्या घरांपर्यंत हे पोचूच शकले नाहीत. तेव्हापासून हेल्थ बोर्डाचं घोळतंय की ही एका डॉक्टरची प्रॅक्टिस बंद करावी आणि पेशंट खालच्या मोठ्या गावाला जोडून द्यावेत. बोर्डाचे साहेब डिसेंबरात येणार. बर्फातही डॉक्टर वर जाऊ शकतो हे त्यांना पटलं तर प्रॅक्टिस राहील, नाही तर मार्चअखेर कुलूप. नॉटिंगहॅमचं हॉस्पिटल सोडून हे इथे आले ते ह्याच कामासाठी. हे काम गेलं तर ह्यांचं काय उरेल, मला विचारही करवत नाही.

ते धूड डांबरी रस्त्यावर चालत नाही. म्हणून पुलापर्यंत लँडरोव्हरमागे ट्रेलरवर लादून न्यायचं, तिथे उतरवायचं. ट्रेलरही जुनाच. त्याची प्लायवूडची फळी मी बोटाने दाबली तर बोट आत गेलं, चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये जावं तसं. हे म्हणाले, "फळी नवीन घालू. तेवढं एक नीट झालं की झालं."

२० सप्टेंबर, शनिवार

फळी आली. कॅलमने आणून दिली. कॅलम म्हणजे वरच्या इस्टेटीचा गेमकीपर, हरणं राखतो. ह्यांचा एकुलता एक मित्र, कारण दोघेही बोलत नाहीत.

आधी हिरवं औषध लावायचं, लाकूड कुजू नये म्हणून. ते वाळलं की रंग. वरच्या रंगात बारीक वाळू मिसळायची, म्हणजे ओल्या फळीवर पाय घसरत नाही. हे सगळं ह्यांनी पुस्तकं आणून वाचलंय. ऑपरेशनची तयारी करावी इतकं.

पण त्या औषधाचा वास! माझं डोकं उठलं, डोळ्यांतून पाणी. आणि हे शेडचं दार ओढून आत तासभर. मी ओरडले, "अहो, दार तरी उघडा, गुदमराल." तर म्हणतात, "कुठे आहे वास?" काल माझी फोडणी जळली, मोहरीचा कोळसा झाला, सगळं घर खोकतंय आणि हे त्याच खोलीत खुशाल पेपर वाचत बसलेले. बायकोच्या स्वयंपाकाकडे इतकं दुर्लक्ष! लंडनला ईलिंगमध्ये राहणाऱ्या बहिणीला, वीणाला, फोन करून सांगितलं तर म्हणते, "तुझ्या हातचं पंचवीस वर्षं खाऊन नाक मेलं असेल बिचाऱ्याचं." मेली.

५ ऑक्टोबर, रविवार

वरची बाजू एकदाची झाली. पूर्वी हे आख्खी खोली एका दिवसात रंगवायचे, छतासकट. ह्या एका फळीला तीन रविवार लागले. मी म्हटलं, "म्हातारे झालात." तर "हो" म्हणाले. भांडायलाही मजा येत नाही.

अजून कडा राहिल्यात. ह्यांनी मला समजावलं की प्लायवूड म्हणजे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले. वरून कितीही रंग फासा, ते पाणी पितं कडेने, आणि बोल्टच्या भोकांतून. म्हणजे खरं काम कडेचंच. मी म्हटलं, मग ते आधी करायचं ना! म्हणाले, "कडेला हात स्थिर लागतो. पुढच्या शनिवारी करू." पावसाने शेडचं छप्पर गळतंय, म्हणून ट्रेलर बाहेरच उभा आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

रेडिओवर सांगितलं, आज आणि उद्या लख्ख ऊन, सोमवारपासून पुन्हा पाऊस, तो लांबणार.

पण आज खंडेनवमी. माझ्या माहेरी छापखाना होता. खंडेनवमीला यंत्रं पुसून लखलखीत करायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत एका खिळ्यालाही हात लावायचा नाही. लग्न झाल्यापासून मी इथेही पाळत आले. हे दर वर्षी चेष्टा करायचे, "छातीत दुखणाऱ्या माणसाला सांगू का, आज माझा स्टेथोस्कोप विश्रांती घेतोय?" आणि पूजेतला स्टेथोस्कोप उचलून चालू पडायचे. म्हणून आज मी भांडायच्या तयारीत होते. म्हटलं, "कडांचं काम आज-उद्या नाही हं. हत्यारं पूजेला ठेवायचीत."

तर हे लगेच "बरं" म्हणाले! स्वतः जाऊन ब्रश, ड्रिल, पाने घेऊन आले. स्वतः मांडले. बॅगेतला स्टेथोस्कोप, ब्लडप्रेशरचं यंत्र, सगळं. मी फुलं वाहिली. हे हात जोडून किती वेळ उभे होते! बोटं एकमेकांत इतकी घट्ट धरलेली की नखं पांढरी पडली. मला बाई भरून आलं. इतक्या वर्षांनी का होईना, देव आठवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

दसरा. असं ऊन सबंध उन्हाळ्यात पडलं नाही. आपटा कुठला इथे, बर्चची पिवळी पानं सोनं म्हणून वाटली. आमच्या सर्जरीतली (इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात) नर्स मोराग, तिने ते पान टोपीत खोचलं.

कॅलम फाटकाशी थांबला. म्हणाला, असला वाळवणारा दिवस आणि ट्रेलर असाच? मी त्याला समजावलं की आज आमच्याकडे हत्यारांची सुट्टी. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पावसाला सुट्टी नसते, मिसेस डी." देवस्थळी म्हणता येत नाही, म्हणून सगळं गाव आम्हाला डॉक्टर डी आणि मिसेस डी म्हणतं.

मी हसले. पण जरा चुटपुट लागली.

२६ ऑक्टोबर, रविवार

लागला तो पाऊस थांबतच नाही. मी आपली शहाणी, फळीवर ताडपत्री घालून चारी बाजूंनी गच्च बांधली. आज सोडून बघते तर आत घाम फुटल्यासारखं पाणी. कडा उघडल्या आहेत, चिरोट्याचे पदर सुटावेत तशा. वरच्या रंगाला फोड. एक कोपरा मी नुसता उचलायला गेले तर पापुद्रा हातात आला.

पाऊस असा उभा बघत राहायचा, दुसरं काय करणार? कडा त्या शनिवारी झाल्या असत्या तर फळी वाचली असती. मीच अडवलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं." हे म्हणाले, "तुझ्यामुळे नाही." एवढंच, तेही पुटपुटल्यासारखं. चेहरा दगड. अहो, रागावा ना! आरडाओरडा करा, दोन दिवस अबोला धरा. तेही नाही. नुसतं समोर बसायचं, पापणीही न हलवता. हल्ली हा चेहरा रोजचाच झालाय. इतकं काय मी केलंय?

१ नोव्हेंबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. नवी फळी आली, ह्या वेळी बोटींना वापरतात ती, मरीन प्लाय. शेड गळतंय, बाहेर पाऊस, तेव्हा ठेवणार कुठे? आमच्या डायनिंग रूममध्ये! टेबल भिंतीला, खुर्च्या जिन्यात, आणि मधोमध चार स्टुलांवर ही महाराणी आडवी. कॅलमने आणि मी आत घेतली. हे दार धरून उभे होते.

व्हार्निशच्या वाफेला आग लागते म्हणून घरात पणती लावायची नाही. लग्नानंतर दिव्याशिवाय गेलेली ही पहिलीच दिवाळी. लक्ष्मीपुढे टॉर्च ठेवला. मंजिरीला फोनवर सांगितलं तर खो खो हसली. मला काही हसू आलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर मी कडा रंगवते आहे. हो, मी. हे म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. रांगोळी काढतेस ना, तसंच." आणि स्वतः खुर्चीत बसून सूचना. उजवा हात पँटच्या खिशात, साहेबासारखा.

पहिला हात पातळ करून द्यायचा, म्हणजे कड तो पिऊन टाकते. दुसरा जरा दाट. वाळला की हलकेच काचकागद, मग पुन्हा. कडेने पिणं बंद केलं, वर चकाकी थांबली, की समजायचं पोट भरलं. बोल्टची भोकं जरा मोठी पाडायची आणि आतून व्हार्निश पाजायचं. त्यासाठी ह्यांनी सर्जरीतली सिरिंज आणली. मी म्हटलं, "हे तरी तुम्ही करा, आयुष्यभर इंजेक्शनं दिलीत." तर म्हणाले, "तू दे."

मोराग चहाला आली होती. म्हणाली, "मिसेस डी, तुम्हालाही प्रमोशन मिळालं का? सर्जरीत हल्ली सगळी इंजेक्शनं मीच देते." आम्ही दोघी हसलो. मग तिचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं आणि तिने कप खाली ठेवला. ह्यांच्या चेहऱ्यावर रेष हलली नव्हती. चारचौघांत तरी माणसाने जरा हसावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या धुडाच्या पुढच्या लोखंडी पट्ट्यांना खाली पोलादाची धार असते, ती रंग खरवडते. म्हणून खाणीतल्या जुन्या रबरी पट्ट्याच्या दोन लांब फाळक्या कॅलमने आणून दिल्या. धार त्यांच्यावरून सरकणार. खाली पाणी साचू नये म्हणून मधे फट ठेवायची. सगळं माझ्या हाताने. पुण्याची बी.ए., संस्कृत घेऊन.

२३ नोव्हेंबर, रविवार

फळी ट्रेलरवर बसली. मी बादलीभर पाणी ओतून बघितलं, थेंब थेंब होऊन निघून गेलं. आत मुरलं नाही. मला इतका आनंद झाला की कॅलमला मिठी मारायची बाकी होती.

मंजिरीचा नॉटिंगहॅमहून फोन. ती तिथे सॉलिसिटरच्या ऑफिसात लागल्यापासून सगळ्यांची उलटतपासणी घेते. बाबांशी बोलून झाल्यावर मला तिच्या मोडक्या मराठीत म्हणते, "आई, बाबाचा आवाज किती छोटी झालीय. मला ऐकूच येत नाही. तू त्याला ओरडते का?"

"मी कशाला ओरडू? लाइन खराब आहे."

"तुझी आवाज तर नीट येते."

मी फोन दोनदा आपटून बघितला. डोंगरातल्या लाइनी, पावसात अशाच होतात.

४ डिसेंबर, गुरुवार

बोर्डाचे साहेब येऊन गेले. माणूस वाईट नाही. फळीवर बूट आपटून बघितले, खाली वाकून कडांवरून बोट फिरवलं. "सुंदर काम. कोणी केलं?" हे म्हणाले, "माय वाइफ." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुलापलीकडे घोटाभर बर्फ होता. कॅलमने धूड उतरवून एक चक्कर मारून दाखवली. साहेबांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही नाही बसत?" हे म्हणाले, "मी डॉक्टर आहे, सर्कस नाही." सगळे हसले. मला खटकलं. एवढा खटाटोप कशासाठी केला मग? दोन मिनिटं बसून दाखवायला काय झालं होतं?

साहेब म्हणाले, तयारी उत्तम आहे, पण खरा हिवाळा येऊ दे. खऱ्या बर्फात एक व्हिजिट होऊ दे, मग जानेवारीत ठरवू. म्हणजे पुन्हा जीव टांगणीला. आधी पाऊस थांबायची वाट बघितली, आता बर्फ पडायची वाट बघायची. आपल्या हातात कधी काही असणार आहे का?

२८ डिसेंबर, रविवार

बर्फ नाही. नुसती थंडी. हल्ली लँडरोव्हर मीच चालवते, ह्यांचे डोळे थकतात म्हणे. जेवायलाही इतका वेळ लावतात की माझं आवरून होतं तरी ह्यांचा भात पानात. टाय नाही, बटणांचे शर्ट नाहीत, रोज तोच गळ्यातून घालायचा स्वेटर. "पेशंट काय म्हणतील?" मी म्हटलं. "मेंढपाळ आहेत, काही म्हणणार नाहीत."

रोज सर्जरी सुटली की ट्रेलरपाशी जातात आणि फळीवरून डावा तळहात फिरवतात. एवढा माझ्या पाठीवरून कधी फिरवला नाही, असं मी बोलूनही दाखवलं. कधीकधी वाटतं, ह्या माणसाने मनातून मला टाकलंय. पहिली फळी माझ्यामुळे गेली, ते काही केल्या विसरत नाहीत. विचारायचं धाडस होत नाही, कारण "हो" म्हणाले तर काय करू?

१३ जानेवारी १९८७, मंगळवार

कालचं लिहायला बसलेय. जमेल तसं लिहिते.

परवापासून बर्फ पडतच होता. काल सकाळी सर्जरी उघडली आणि वरच्या शेवटच्या घरातून मिसेस गिलीजचा फोन, नवऱ्याच्या छातीत दुखतंय, घामाघूम झालाय. हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं, ढग खाली उतरलेले. हे लगेच उठले. मला वाटलं, आला बाई तो दिवस. भीती होती, पण खरं सांगते, आनंदही होता. ज्यासाठी एवढं केलं तेच घडत होतं.

मी चालवत होते, हे शेजारी, मोराग मागे, सगळ्यांच्या मागे ट्रेलर. पुलाशी पोचलो. पुढे रस्ता कुठे आणि ओढा कुठे ते कळत नव्हतं. कॅलम तिथे फावडं घेऊन उभाच होता. मी आणि त्याने धुडाला बांधलेले पट्टे सोडले. धूड रबरावरून अलगद खाली उतरलं. फळीवर ओरखडा नाही. मी म्हणतेसुद्धा, "बघा, बघा!"

हे बसले. इंजिन सुरू झालं. हँडलला उजव्या अंगठ्याशी एक खटका असतो, तो दाबून धरला की यंत्र पुढे जातं. धरूनच ठेवावा लागतो. यंत्राने एक हिसका दिला आणि थांबलं. पुन्हा हिसका, पुन्हा थांबलं. मग एकदम उसळलं आणि हे पडता पडता वाचले. मला वाटलं इंजिन बिघडलं. मी कॅलमवर ओरडले, "बघ ना काय झालंय त्याला!" कॅलम इंजिनाकडे बघतच नव्हता. तो ह्यांच्या हाताकडे बघत होता. मोरागही. मग मीही बघितलं.

हातमोज्यातला अंगठा खटक्यावर होता आणि थरथरत होता. हे दुसऱ्या हाताने तो दाबून धरायचा प्रयत्न करत होते. तोही हात तसाच.

हे उतरले. इंग्रजीत म्हणाले, "कॅलम, मोरागला घेऊन जा. मला नाही जमत." मग मोरागला, काय द्यायचं, किती द्यायचं, पोचल्यावर सर्जरीत फोन करायचा, सगळं नीट, एकही शब्द न चुकता. ती दोघं निघून गेली. धुडाचा आवाज लांबपर्यंत येत होता. हे पुलाच्या कठड्याशी उभे. मी दार उघडलं तेव्हा आत येऊन बसले.

फोनपाशी लवकर पोचायला हवं म्हणून थांबता येत नव्हतं. मी गाडी वळवली. म्हटलं, "काय आहे हे?"

"पार्किन्सन्स."

"कधीपासून?"

"एप्रिलमध्ये मला शंका आली. ऑगस्टमध्ये इन्व्हरनेसला दाखवून आलो."

"कॉन्फरन्स म्हणालात."

"हो."

बर्फात गाडी घसरत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर. रडायलाही हात मोकळा नव्हता. मी विचारलं, मला का नाही सांगितलं, तुम्ही डॉक्टर, मी काय परकी होते? म्हणाले, एक हिवाळा निघाला असता तर बोर्डाने प्रॅक्टिस ठेवली असती, मग दुसरा कोणी तरुण डॉक्टर आला असता. आधी कळलं असतं तर आत्ताच बंद केली असती. गोळ्या असतात, अजून काही वर्षं बरी जातील. पण सुई आणि टाका आता नाही.

मला इतका संताप आला. "आणि माझ्याकडून ती फळी रंगवून घेतलीत? आठवडाभर? मी वास सहन करतेय, गुडघे मोडतेय, आणि तुम्ही खुर्चीत बसून बघताय, हे असं सगळं माहीत असताना?"

ह्यांनी बाहीने समोरची काच पुसली. मग म्हणाले, "फळीला लावायला काहीतरी होतं गं."

सर्जरीत फोनवर मोराग ओरडत होती, "डॉक्टर, मोठ्याने! ऐकू येत नाही!" शेवटी हे सांगत गेले आणि मी ते तिला मोठ्याने सांगत गेले. दुपारी ढग उठले, हेलिकॉप्टर गिलीजना घेऊन गेलं. वाचले ते.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी ट्रेलरवरचा बर्फ झाडून फळी बघितली. कोरडी ठणठणीत. कडा जशाच्या तशा. मला इतका राग आला तिचा की एक लाथ घातली. माझाच पाय दुखला.

हे म्हणाले, मी बोर्डाला सांगणार आहे. यंत्रावर डॉक्टर बसू शकत नाही हे लपवून प्रॅक्टिस चालवणं म्हणजे उद्या कुणाचा तरी जीव जाईल. मी म्हटलं, "बरोबर आहे." मग म्हटलं, "सोमवारी सांगा." शनिवार-रविवार तरी ह्या घरात आपण पूर्वीसारखे राहू, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात होतं.

मंजिरीला अजून सांगितलेलं नाही. ती उलटतपासणी घेणार आणि माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. वीणाला सांगावं तर ती म्हणेल, ईलिंगला या. ईलिंगला जाऊन हे काय करणार? खिडकीत बसून बसेस मोजणार?

काल रात्रीपासून मी ह्यांच्याकडे टक लावून बघतेय, कुठे कुठे दिसतंय ते. मला समोर बसून दिसलं नाही. मला वाटत होतं, हे माझ्यावर रागावलेत. मी काय करू आता? ह्यांना काय लावू?

१९ जानेवारी, सोमवार

आम्ही फोन करायच्या आधीच बोर्डाच्या साहेबांचा फोन आला.

हे बोलत होते, मी दाराशी. साहेबांचा आवाज इतका मोठा की खोलीभर ऐकू येत होता. गिलीजची हकिकत त्यांच्यापर्यंत पोचली होती. असल्या बर्फात, हेलिकॉप्टर बंद असताना, पहिल्या तासात उपचार मिळाले! कमिटीत चर्चाच झाली नाही म्हणे. ग्लेन फाराची प्रॅक्टिस राहणार. निदान पाच वर्षं. "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर! यू अर्न्ड इट!"

हे काहीतरी म्हणाले.

"सॉरी, डॉक्टर? लाइन खराब आहे. परत बोला."

हे परत बोलले. मी दोन पावलांवर होते, मलाही शब्द कळले नाहीत. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

"हॅलो? डॉक्टर, आर यू देअर?"

ह्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तू सांग त्यांना. माझा आवाज पोचत नाही."

मी घेतला. काय सांगायचं ते मला माहीत होतं, इंग्रजी वाक्यही मनात जुळवलेलं होतं. तीन दिवस तेच करत होते. साहेब पलीकडून म्हणत होते, "मिसेस डी, तुम्ही का! तुम्हाला तर मेडल द्यायला हवं. सगळं ग्लेन फारा आज तुमच्या नवऱ्याच्या नावाने ग्लास उचलणार!" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि वाट बघत होते.

मी म्हटलं, "थँक यू. थँक यू व्हेरी मच." आणि फोन ठेवून दिला.

बाहेर सर्जरीत पेशंट येऊन बसायला लागले होते, मोराग त्यांना काहीतरी सांगत होती, सगळे मोठमोठ्याने हसत होते.

हे म्हणाले, "उद्या परत फोन लावावा लागेल."

मी म्हटलं, "उद्या लावू."